तेल खाणाऱ्या जीवाणूंच्या उद्घाटनाला

मालवणात परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "बाई, मुंबईकडे एवढे दिवस काय करत होतात?" आमच्याकडे पनवेल ओलांडलं की सगळी मुंबईच. मी सांगते, चिखल ढवळत होते. लोकांना तो विनय वाटतो. विनय माझ्यात कधीच नव्हता. माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. मी खरोखरच चिखल ढवळत होते. कोणी तिकडे जाणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून लिहून ठेवते. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर ही पर्यटनाची ठिकाणं नव्हेत. तिथे जाण्यासाठी माणसाला नातेवाईक लागतो, नोकरी लागते, नाहीतर मला होता तसा एखादा गिरीश लागतो.

गिरीश माझा जुना विद्यार्थी. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीत बंदरातल्या धक्क्याखालचा गाळ खरवडायचे. ट्रॉलरचं डिझेल तिथे सांडतं, आणि त्या गाळात ते डिझेल खाऊन जगणारे जीवाणू असतात. त्यांना शोधणं, वाढवणं, कशाने त्यांची भूक वाढते ते बघणं यात माझी हयात गेली. गिरीश तेव्हा माझ्यासोबत गुडघाभर गाळात उभा राहायचा. आता त्याची कंपनी आहे. दिवाळी आटोपल्यावर त्याचा फोन आला. "मॅडम, उल्हासनगरच्या मागे खाडीत तेलाने गाळ मेलाय. आपण जीवाणू सोडतोय. उद्घाटन तुमच्या हस्ते. तुम्ही आलात की लोकांचा विश्वास बसेल."

जीवाणूंचं उद्घाटन! पृथ्वीवर आपल्या कितीतरी आधी आलेले ते जीव, त्यांचं उद्घाटन मालवणची एक निवृत्त मास्तरीण करणार. हसू आलं, पण गेले. चिखलाचं नाव काढलं की मला राहवत नाही.

अंबरनाथ पश्चिम

उतरले मावसबहिणीकडे, शुभाकडे. स्टेशनपासून चालत जाण्याइतकं तिचं घर. शुभाच्या मते अंबरनाथमध्ये बघण्यासारखं एकच, शंकराचं देऊळ. दुसऱ्याच सकाळी घेऊन गेली. देऊळ अप्रतिम आहे, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. काळ्या दगडात इतकं नाजूक काम करणारे हात कुठे गेले, असं वाटत राहतं. त्याच्या कुशीतून वालधुनी नदी वाहते. नदी म्हणायचं ते सवयीने. त्या दिवशी ती फिकट जांभळी होती. भाविक महादेवाला हात जोडत होते आणि परतताना पदर नाकाला लावून पूल ओलांडत होते. कोणालाही त्यात विसंगती दिसत नव्हती.

"आज जांभळी आहे," मी म्हटलं.

"काल कशी होती कोण जाणे," शुभा म्हणाली. "मंगलला विचार."

मंगल बुवापाड्यातून शुभाकडे पोळ्या करायला येते. ती लाटणं न थांबवता म्हणाली, "परवा लाल होती, ताई. तुम्ही आलात म्हणून जरा बरा रंग लावलाय."

आमच्याकडे पाण्याचा रंग बदलला की वारा फिरला म्हणतात. इकडे कारखान्याची पाळी बदलली म्हणतात. मी शुभाला विचारलं की कोणी काही बोलत नाही का. तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं आणि मटारची उसळ वाढली.

खाडीकाठ

गिरीश गाडी घेऊन आला. अंगात कडक शर्ट, गाडीत अत्तराचा वास, आरशाला लिंबूमिरची. जीवाणूशास्त्राचा पदवीधर आणि लिंबूमिरची! म्हटलं, असू दे. बोलायचं बरंच पुढे होतं.

उल्हासनगरच्या दाट वस्तीतून, फर्निचरच्या आणि कपड्यांच्या दुकानांमधून वाट काढत आपण बाहेर पडतो आणि एकदम आभाळ मोकळं होतं. वालधुनी पुढे खाडीला मिळते त्या बाजूला आगरी लोकांचं एक गाव आहे. पूर्वी इथे मिठागरं होती, भातखाचरं होती, चिंबोऱ्या म्हणजे खाडीतले खेकडे होते. आता बरीच जमीन विकली गेली आहे, तिच्यावर इमारती आहेत, आणि इमारतींना नावं आहेत ती सगळी नदीची, लाटांची आणि निसर्गाची. मारलेल्या माणसाचा फोटो दिवाणखान्यात लावावा तसं.

गावाच्या वरच्या अंगाला एक आवार होतं. जुने तेलाचे ड्रम तिथे धुऊन, रंगवून पुन्हा विकतात. धुतलेलं पाणी एका नाल्याने थेट खाडीत जात आलेलं. नाला जिथे खाडीला लागतो तिथला गाळ ओहोटीला उघडा पडला होता. काळा, चकचकीत, वर इंद्रधनुष्यी साय. माझ्या आयुष्यात इतका देखणा आणि इतका मेलेला गाळ मी पाहिला नव्हता. मी आनंदाने त्यात उतरले आणि तिसऱ्या पावलाला मांडीपर्यंत गेले.

गिरीश काठावरून ओरडला, "मॅडम, सांभाळून!" त्याचे बूट नवे होते, त्यामुळे तो तिथेच राहिला.

मला काढलं ते एका बाईने. ठसठशीत कुंकू, नऊवारी गुडघ्यावर खोचलेली, आवाज अख्ख्या खाडीला पुरेल असा. "पाय वर नको खेचू, बाय! आरवा कर, आरवा! आनि हात दे!" आरवा म्हणजे आडवा; तिच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, खाडीची खारी होते. तिने मला पोत्यासारखं ओढून काठावर टाकलं. चप्पल खाडीला अर्पण झाली. ही ताराबाई. नवरा गेल्यापासून चिंबोऱ्या धरून तिने दोन मुली उजवल्या. आता चिंबोऱ्या नाहीत, आणि हातापायांवर कोपरापर्यंत खरूज उठली आहे, ती तिने दाखवली.

घरी नेऊन तिने माझे पाय रॉकेलने पुसले, कारण त्या गाळाला साबण लागतच नाही. मग तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण समोर ठेवलं. सुकट बाजारातून विकत आणलेली. खाडीकाठी बसून विकतची सुकट खाताना तिला माझ्यापेक्षा जास्त लाज वाटत होती. कालवण तिखट होतं. आमच्याकडे सोलं पडतात, इकडे चिंच. एवढा फरक सोडला तर मी माझ्या घरीच जेवत होते.

जेवताना खरी गोष्ट कळली. पावसाळा संपल्यावर गावातल्या बायकांनी एका ओहोटीत मातीच्या गोणी रचून तो नाला बुजवला होता. खाऱ्या पाण्याला बांध घालणं त्यांच्या रक्तात आहे. हा बांध त्यांनी तेलाला घातला. आवारातलं पाणी आवारातच तुंबलं, ड्रम धुणं जवळजवळ बंद पडलं. मालकाने दमदाटी केली, पोलीस आणले, काही झालं नाही. मग मालकाने गिरीशला आणलं.

"तो सांगतो, आता त्याचे किरे सोडल्यावर तेल ऱ्हानारच नाय," ताराबाई म्हणाली. "जेवढा येल तेवढा किरे खातीन. मंग बांध कशाला पायजे? पंचमंडळी बोलतान, बांध काढा. मी बोलली, मोठी मास्तरीन येनार हाय मालवनची, ती सांगेल तसा करू."

भाकरीचा तुकडा माझ्या हातात राहिला. मला बोलावलं होतं ते यासाठी. त्यांना जीवाणूंचं उद्घाटन नको होतं, बांधाचं विसर्जन हवं होतं, आणि त्यावर अक्षता टाकायला मी.

"किरे मासे तर नाय ना खानार?" तिने विचारलं.

"नाही."

"मानसाला चावतान का?"

"चावत नाहीत. डोळ्यांनी दिसतसुद्धा नाहीत."

"दिसत नाय तर तो ड्रम भरून देतो काय?" ताराबाई म्हणाली आणि स्वतःच मोठ्याने हसली.

बदलापूर

ड्रम भरून काय देतो ते बघायला मी दुसऱ्या दिवशी गिरीशबरोबर बदलापूरला गेले. बदलापूर अजून स्वतःला हिरवं समजतं. डोंगर दिसतात, उल्हास नदीला अजून पाण्याचा रंग आहे. गिरीशने वाटेत वडापाव खाऊ घातला, आणि इथली हवा किती छान, मॅडम, फ्लॅट घेऊन टाका, असा सल्ला दिला. औद्योगिक वसाहतीत त्याचा गाळा होता. गाळासाठी गाळा. पाटी मोठी होती: झाड, थेंब, पृथ्वी आणि पृथ्वीला धरलेले दोन हात.

आत चार निळ्या टाक्या. झाकण उघडलं आणि मला माझ्या आजोळच्या गुऱ्हाळाचा, तिथल्या शिळ्या काकवीचा वास आला.

"गुळाचं पाणी?"

"मीडियम आहे, मॅडम. लोकल रिसोर्स."

"हवा कुठून देतोस?"

त्याने कोपऱ्यातल्या पंपाकडे बोट केलं. पंपावर कोळ्याचं जाळं होतं. "लाइट जरा प्रॉब्लेम आहे. पण हे विनाऑक्सिजनपण चालतात."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. तेल खाणारे जीवाणू असतात, यात थोतांड नाही. पण त्यांना तेल पचवायला हवा लागते. आपल्याला जेवल्यावर श्वास लागतो तशीच. शिवाय थोडं नत्र, थोडा स्फुरद, म्हणजे शेताला घालतो तेच खत. विनाहवेचेही काही जण तेल खातात, पण ते इतक्या सावकाश की तोवर आपण, आपली मुलं आणि गिरीशची कंपनी सगळेच गेलेले असू. आणि महिनोन्महिने गुळावर पोसलेल्या टाकीत तेलखाऊंचं टिकणं कठीण. रोज आयतं श्रीखंड मिळत असलेल्या घरात कडू कारलं खाणारा कशाला राहील? तो जातो, आणि श्रीखंडवाले वाढतात.

"गिरीश, सुरुवातीला तू यात खरे जीवाणू टाकले होतेस का रे?"

तो खाली बघायला लागला. "टाकले होते, मॅडम. आपल्या धक्क्याखालचेच. पहिले काही महिने व्यवस्थित केलं. मग ऑर्डरी वाढल्या." मग म्हणाला, "तुम्ही फळ्यावर जे शिकवलं ना, ते टेंडरमध्ये बसत नाही. गाळ उलथा, हवा द्या, खत द्या, वाट बघा. वाट बघायचे पैसे कोण देतं? लोकांना ड्रम दिसला पाहिजे."

मला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही. तुच्छता वाटली, आणि ती रागापेक्षा वाईट असते, कारण ती निवत नाही. मी म्हटलं, एक बाटली भरून दे. त्याने दिली. त्याची खात्री होती की मी त्याच्याच बाजूची आहे.

उल्हासनगर, कॅम्प एक

परीक्षा घ्यायची तर बरण्या हव्यात. शुभा म्हणाली, उल्हासनगरला मिळत नाही अशी वस्तू अजून बनायची आहे. कॅम्प एकच्या गल्लीत एका सिंधी काकांच्या दुकानात छतापर्यंत बरण्या होत्या. काका पांढऱ्या लेंग्यात, कपाळाला गंध.

"काकडी, लिंबू, क्या डालना है बहेन?"

"गाळ."

"गाल के लिए? वो क्रीमवाला डब्बा छोटा आता है."

"गाळ हो! कीचड़!"

काकांनी चष्मा वर केला. "साईं, कीचड़ बरणीमध्ये? लोक तो इकडे कीचड़ फुकटमध्ये रस्त्यावर ठेवते."

मी सगळं सांगितलं. त्यांनी गल्ल्यावर मुलीला बसवलं, शेजारून दाल-पकवान मागवलं आणि मला खायलाच लावलं. कुरकुरीत पकवान, वर हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा. सकाळी सकाळी इतकं तळलेलं आमच्याकडे फक्त सणाला होतं, आणि सणालाही त्यावर अपराधी वाटतं. इथे कोणाला काही वाटत नव्हतं, आणि मला फार बरं वाटलं. काका म्हणाले, त्यांचे वडील फाळणीनंतर इथे बराकीत राहिले, तेव्हा वालधुनीत आंघोळ करायचे. "अभी तो कोणाला बोललो तर बोलतात, बुड्ढा झूठ बोलतो."

निघताना त्यांनी बरण्यांवर लावायला चिठ्ठ्या दिल्या आणि बजावलं, "लिखके ठेव. नायतर घरवाले अचार समजून खातील."

शुभाच्या गॅलरीत चार बरण्या मांडल्या. सगळ्यांत खाडीचा गाळ. एकीत तो नुसता. दुसरीत गिरीशचं पाणी. तिसरीत तेच पाणी, पण उकळून, म्हणजे त्यात जिवंत काही असेल तर मेलेलं. चौथीत गिरीशचं काही नाही. थोडं खत घातलं आणि रोज लाकडी उलथण्याने परतला. ते उलथणं शुभाने नंतर फेकून दिलं आणि माझ्याशी दिवसभर बोलली नाही. तिथल्या कॉलेजात माझ्या ओळखीची एक प्राध्यापिका आहे. तिच्या प्रयोगशाळेत मी गिरीशचं पाणी आणि खाडीचा गाळ अशा थाळ्यांवर पसरला, ज्यात खायला तेलाशिवाय दुसरं काही नव्हतं.

आठवडा गेला. गिरीशच्या पाण्याच्या थाळ्या कोऱ्या. आणि खाडीच्या गाळाच्या थाळ्यांवर बारीक, पिवळट, गोल ठिपके, एकमेकांना खेटून. मेला म्हणून ज्या गाळाच्या नावाने सगळे गळा काढत होते त्यात तेलखाऊ ठासून भरलेले होते. उपाशी नव्हते, गुदमरलेले होते. त्यांना कुठून आणायची गरजच नव्हती. त्यांच्या छातीवरचा पाय काढायचा होता.

मी गिरीशला फोन करून सांगितलं.  तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही जनरल बोला. जीवाणू तेल खातात एवढंच बोला. ते खोटं नाही ना?"

नाही, खोटं नाही. माझ्या आयुष्यभराच्या कामातलं ते सगळ्यांत खरं वाक्य आहे. त्याच वाक्याने बांध फोडायचा होता.

उद्घाटन

तुळशीचं लग्न झालं आणि मांडव पडला. खाडीकाठी लाल गालिचा. गालिच्याच्या कडेने गाळ वर येत होता आणि एक माणूस तो सतत पुसत होता. ड्रमना हार घातलेले. एका ड्रमला हळदकुंकू लावून कोणीतरी नारळ ठेवला होता. आपल्याकडे काहीही पूजलं जातं हे मला माहीत आहे, पण आंबलेल्या गुळाच्या पाण्याला कुंकू लागलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

भाषणं झाली. एका पुढाऱ्याने जीवाणूंना "सूक्ष्म मावळे" म्हटलं. दुसऱ्याने त्यांना देशी म्हटलं, टाळ्या पडल्या. आवाराचा मालक पहिल्या रांगेत सोनेरी काड्यांचा चष्मा लावून बसला होता आणि समाधानाने मान हलवत होता. मग गिरीशने माझं इतकं कौतुक केलं की माझ्या श्राद्धाला पुढे वेगळं काही बोलायला उरणार नाही.

मी उभी राहिले. समोर बायका बसल्या होत्या, त्यांत ताराबाई. तिने माझ्यासाठी नवं लुगडं नेसलं होतं.

"जीवाणू तेल खातात," मी म्हटलं, "हे खरं आहे. या ड्रममध्ये ते नाहीत, हेही खरं आहे. मी तपासलं आहे. तुमच्या गाळात ते आहेत, आधीपासून आहेत. त्यांना हवा द्या, खत द्या, ते काम करतील. पण सावकाश करतील. वरून रोज तेल येत राहिलं तर जगातला कुठलाही जीवाणू त्याला पुरा पडणार नाही. म्हणून बांध—"

इथे माइक बंद पडला. योगायोगच असणार. पण वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत माइकशिवाय पोचणं ही माझी रोजीरोटी होती.

"बांध काढू नका!"

मग जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा नाही. मालक उठून गेला, त्याच्यामागे पुढारी. गिरीश माझ्याकडे बघतही नव्हता. त्याच्या हातात फीत कापायची कात्री तशीच होती. कोणीतरी घाईघाईत ड्रम सोडून दिलाच. काकवीच्या वासाचं पाणी गालिच्यावरून खाडीत गेलं.

आणि गर्दीतून ताराबाईचा धाकटा दीर मोहन पुढे आला. ड्रम वाहायचं काम त्याच्या टेम्पोला लागणार होतं, गावातल्या इतरांनाही काही ना काही कबूल केलं होतं. तो ओरडला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "मॅडम, तुमी खरा बोलली असाल. पन तुमी उद्या निंगून जाल. आमची कामा गेली, खारी हाय तशीच. आमी काय करायचा?"

 मी खरंच जाणार होते. मालवणचं तिकीट पर्समध्ये होतं. इतका वेळ मी सगळ्यांना तुच्छ लेखत बसले होते, आणि त्यांच्यात नि माझ्यात फरक एवढाच निघाला असता की त्यांनी खोटं बोलून गाव सोडलं आणि मी खरं बोलून.

"उद्या नाही जात," मी म्हटलं. "फावडी आहेत?"

वाफा

म्हणून मी राहिले. शुभाने सोसलं. संक्रांतीचा तिळगूळ देताना "गोड बोल" असं तिने जरा जोर देऊन सांगितलं.

बांधापासून खाली, गाळाचा एक छोटासा तुकडा आम्ही निवडला. खोलीएवढा म्हणा. त्याला बुटकी वरंबी घातली, म्हणजे भरती येईल पण खत सगळं ओढून नेणार नाही. वरंबी घालणं मला जमेना. ती मोहनने घातली, रागारागात. तो म्हणाला, मला हे पटलेलं नाही, पण तुमची वरंबी बघवत नाही. ओहोटीला बायका फावड्यांनी गाळ उलथायच्या, मी खत मोजून द्यायचे. हातमोजे, बूट सगळ्यांना घालायला लावले. ताराबाईने ते पहिल्याच दिवशी काढून फेकले आणि तिच्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं. ती मला "खरूस मास्तरीन" म्हणाली. मी तिला जे म्हणाले ते मालवणीत होतं. तिला ते बरोबर समजलं आणि तिने बूट घातले.

काही घडत नव्हतं. मी सांगितलं होतं की घडायला वेळ लागतो, तरी लोक रोज विचारायचे. बघ्यांची कमी नव्हती. एक गृहस्थ गाडीतून उतरून म्हणाले, यात गोमूत्र घाला. मी म्हटलं, तुम्ही आधी गाळात उतरा, मग बघू काय घालायचं ते. उतरले नाहीत. आवाराच्या मालकाने दोनदा रात्री बांध फोडायला माणसं पाठवली. बायकांनी पुन्हा रचला. शेवटी त्याने तेल वेगळं करायची टाकी बांधायला घेतली, आणि जणू स्वतःच्या मनाचा उमाळा असावा तसा तिचा फोटो पेपरात छापून आणला. त्यात पर्यावरणप्रेमी उद्योजक असं लिहिलं होतं. मोहनच्या टेम्पोला टाकीची वाळू वाहायचं काम मिळालं. जग असंच चालतं. मी त्यावर रडायचं कधीच सोडलं आहे.

गिरीश एकदा आला. काठावर उभा राहून वाफ्याकडे बघत बसला. बूट तेच होते, तो उतरला नाही. "मॅडम, एवढ्याशा तुकड्याला एवढा वेळ?" म्हणाला. मी म्हटलं, "हो." तो आणखी थोडा वेळ थांबला आणि गेला. त्याला दुसऱ्या कुठल्याशा तलावाचं काम मिळालं आहे असं नंतर कळलं.

माघ संपता संपता फावडं मारलं की वरचा थर काळा निघेनासा झाला. तपकिरी, भुसभुशीत, आणि डांबराचा वास जाऊन त्याला नुसता खाडीचा वास यायला लागला. प्रयोगशाळेत काढून बघितलं. तेल खरोखर कमी झालं होतं. शेजारच्या न उलथलेल्या गाळात होतं तसंच. शुभाच्या गॅलरीतही चौथ्याच बरणीने काही केलं होतं; गिरीशचं पाणी जिवंत घाला नाहीतर उकळून, गाळाला दोन्ही सारखंच.

मला शिमग्याला घरी पोचायचं होतं. निघायच्या आदल्या सकाळी ताराबाईने वाफ्यावरून हाक मारली, तीही इतकी की मला वाटलं कोणी बुडालं. धावत गेले. वाफ्यात एक निवटी होती. ज्यांनी बघितली नसेल त्यांना सांगते, हा मासा पाण्याबाहेर गाळावर परांवर चालतो, आणि डोळे डोक्यावर घेऊन मोठ्या ऐटीत इकडेतिकडे बघतो. ही बोटाएवढी होती. भरतीबरोबर आली असेल, पण आली होती, आणि परत गेली नव्हती. तिने बीळसुद्धा करायला घेतलं होतं.

ताराबाईने झटकन वाकून ती मुठीत पकडली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहीत नाही. "आज तुमचे जेवनान ही," ती म्हणाली. "येकच हाय, पन खारीची हाय. कालवनान टाकते. आमचे खारीची, बाजारची नाय."

आता मला बोलायचं होतं, आणि नको होतं. जीवाणू तेल खातात. वरून नदीत आणखी काय काय उतरतं, त्यातले धातू कोणी खात नाही. ते गाळात राहतात आणि माशात जातात. मी गप्प राहिले असते तर एका बोटाएवढ्या माशाने मला काही झालं नसतं. पण उद्या तिने तो आपल्या नातवंडांना घातला असता, आणि मी खाल्ला होता म्हणून घातला असता.

"ताराबाई," मी म्हटलं, "नको. खायचा नाही अजून."

"कवा खायचा?"

"माहीत नाही."

"म्हंजे या वर्सी नाय?"

"या वर्षी नाही. कदाचित तुमच्या-माझ्या हयातीत नाही."

 मला वाटलं आता ती तोंड सोडेल, आणि तो तिचा हक्क होता. तिने मूठ उघडली. निवटी तळहातावर क्षणभर बसली, मग टुणकन गाळावर उडी मारून बिळात शिरली.

ताराबाईने फावडं उचललं. "मंग सरा बाजूला," ती म्हणाली, "तिच्या बिलाच्या भोवतीचा सोरून बाकीचा उलथायचा ऱ्हायलाय."